हवा तापायच्या आत

फुगा उडवणाऱ्या बाईला लोकांना दोन असे प्रश्न विचारावे लागतात, जे एरवी कुणी तोंडावर विचारत नाही. पहिला, तुमचं वजन किती? आणि दुसरा, खरं सांगा, किती? पहिल्या प्रश्नावर बायका पाचेक किलो गिळून टाकतात आणि पुरुष छाती पुढे काढून कॉलेजातला आकडा सांगतात. म्हणून मी मैदानात सरळ काटाच ठेवते. आधी काट्यावर चढायचं, मग टोपलीत. रुसवेफुगवे नंतर.

आमचे गरम हवेचे दोन फुगे आहेत, एक मोठा आणि एक धाकटा. बाबांनी हा उद्योग सुरू केला. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर बर्नर माझ्या हातात आला आणि जीप त्यांच्या. वारा फुग्याला नेईल तिकडे खालून जीप पळवायची आणि आम्ही उतरू तिथून माणसं, टोपली, कापड सगळं गोळा करून आणायचं, हे त्यांचं काम. 'फुगा' हा शब्द मात्र त्यांना खपत नाही. "फुगा पोरं टाचणीने फोडतात. हे विमान आहे," असं ते प्रत्येक प्रवाशाला ऐकवतात, आणि प्रवासी बिचारे हातातला चहा सांभाळत मान डोलावतात.

फुगा म्हणा की विमान, सगळा खेळ एका साध्या गोष्टीचा. हवा तापली की पसरते, पसरली की विरळ होते आणि विरळ झाली की हलकी होते. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी, म्हणून फुगा वर जातो. पहाटे बाहेरची हवा गार आणि दाट असते, तेव्हा तो तीन धडधाकट माणसं सहज उचलतो. ऊन चढलं की बाहेरची हवाही विरळ होते, आतबाहेरचा फरक कमी पडतो, आणि तोच फुगा त्याच तिघांना घेऊन जागच्या जागी नुसता डुलत बसतो. मग आतली हवा आणखी तापवा की, असं प्रत्येक हुशार प्रवासी सुचवतो. तापवली असती, पण कापडालाही सोसण्याची हद्द असते, आणि ती ओलांडायची नाही हे बाबांनी मला लहानपणीच कान धरून शिकवलंय.

थोडक्यात काय, उशीर मला चालत नाही. हवा तापायच्या आत मी तापते, असं बाबा म्हणतात, आणि त्या सकाळी मी चांगलीच तापले होते.

मोसमातलं ते शेवटचं उड्डाण होतं. पुढे उन्हाळा, मग फुगे थेट थंडीपर्यंत घडी घालून ठेवायचे. मोठ्या फुग्याचं कापड शिवायला गेलेलं, म्हणून धाकटा बाहेर काढला होता. त्यात माझ्याखेरीज दोघंच. ते दोघं म्हणजे एक काका आणि काकू. काका वजनमापं खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानांतले काटे तपासण्यात आणि खोट्या मापांवर कारवाई करण्यात गेला. फोन काकूंनी केला होता आणि न विचारता दोघांची वजनं सांगितली होती. "माझं थोडं जास्तच धरा," त्या म्हणाल्या होत्या, "यांचं मात्र बिनचूक आहे. दर रविवारी करतात." असा प्रवासी मिळणं म्हणजे भाग्य. मी त्या दोन आकड्यांवर सगळं बसवून ठेवलं होतं, धाग्याएवढी जागा मोकळी सोडून.

पण मंडळी येतील तर ना! पंखा लावून फुग्यात हवा भरली, बर्नर पेटवून तो उभा केला, टोपली दोराने जीपला बांधली, तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सूर्य झाडांच्या वर आला. टोपलीला टांगलेला थर्मामीटर मी दर मिनिटाला बघत होते आणि बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते.

शेवटी रिक्षा आली. काकू जवळजवळ पळतच उतरल्या. गोल चेहरा, डोक्यावर लोकरी टोपी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दुसरी पिशवी. "रागावू नका हो," त्यांनी लांबूनच हात जोडले. "यांनी तीनतीनदा कुलूप ओढून पाहिलं. मग गॅस बंद केला का ते. मग परत कुलूप."

मागून काका आले. उंच, ताठ, पिकलेल्या मिशा आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा जाडजूड कोट. घाम फुटावा असं ऊन पडलेलं, तरी वरचं बटणसुद्धा लावलेलं. पावलं अशी जड टाकत होते की मला वाटलं, यांचेही गुडघे बाबांच्याच पंगतीतले.

बाबांनी त्यांच्या हातात चहा दिला आणि हे विमान कसं आहे ते सुरू केलं. तेवढ्यात काकूंनी मला बाजूला ओढलं.

"अगं, एक विचारू? हे नक्की येतील ना वर?"

"आता इथवर आलेत म्हणजे येणारच की."

"इथवर नेहमीच येतात." काकूंनी आवाज खाली आणला. "जत्रेतल्या मोठ्या पाळण्याखाली आले होते. तिथे म्हणाले, याचे नट गंजलेत, खात्याला कळवायला हवं. दीपगृहाच्या दारात गुडघा दुखायला लागला. डोंगरावर जायचं ठरलं त्या दिवशी ऑफिसात तपासणी निघाली. लग्न झाल्यापासून हेच. मी एकटी वर जाते, हे खाली थांबतात. मी आल्यावर विचारतात, झालं का बघून?" त्यांनी टोपी सारखी केली. "हे तिकीट मी माझ्या हौसेनं काढलंय. आज हे आले नाहीत ना, तर मी काय ते समजून जाईन."

"काय समजणार?"

"की यांना माझ्याबरोबर कुठे यावंसंच वाटत नाही. सांगायला जड जातं म्हणून सबबी." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मला एकदम माझ्या तापलेल्या डोक्याची लाज वाटली.

मग काटा. काकू चढल्या. फोनवर सांगितलं होतं त्यापेक्षा काटा कमीच दाखवत होता. मी मनातल्या मनात त्यांना साष्टांग दंडवत घातला. काका मात्र काट्यापाशी येऊन थांबले आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघू लागले. म्हटलं, आता हे सील विचारणार, समतोल बघणार, काटा जप्तच करणार.

"उत्तम काटा आहे," काका म्हणाले आणि चढले.

"अहो!" काकू बघतच राहिल्या. "पडताळून नाही पाहिलात?"

"गरज नाही. बघितल्यावर कळतं."

"यांनी आजवर एकही काटा पहिल्या झटक्यात पास केलेला नाही," काकू मला म्हणाल्या. "आमच्या सुनेचा स्वयंपाकघरातला काटासुद्धा दोनदा नापास केलाय."

मी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. फोनवरच्या आकड्यापेक्षा तो बराच पुढे होता. एवढं वजन एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत वाढायचं तर माणसाने उसंत न घेता जेवायला हवं.

"काका, हे तर फार होतंय."

"माझं वजन वाढलं असणार," काका गंभीरपणे म्हणाले. "काटा चुकत नसतो."

मी थर्मामीटर बघितला, डोक्यात हिशेब केला, परत केला. वेळेत आले असते, तरी गार हवेतही हे बसलं नसतं. आता तर शक्यच नव्हतं. "एवढ्यात दोघं एकदम नाही जमायचं. फार तर एक जण."

"मग ही जाईल!" काका म्हणाले. हे इतकं चटकन आलं की जणू तोंडात तयारच ठेवलेलं. "मी थांबतो खाली. अगं, तू जा, नीट बघून ये."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या टोपलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग इतक्या वर्षांच्या सवयीने, न बघता, त्यांनी काकांच्या कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला.

हात आत अडकला. बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल नव्हता. चकचकीत पितळी वजन होतं, वर खात्याचा शिक्का मारलेलं.

काकूंनी ते काट्यावर ठेवलं. दुसऱ्या खिशात हात घातला. दुसरं निघालं. आतल्या खिशातून दोन निघाली. कोटाच्या अस्तराला एक खास शिवून घेतलेला कप्पा होता, त्यातूनही निघालं. काका हात वर करून उभे होते, जसे त्यांच्यापुढे आयुष्यभर दुकानदार उभे राहिले असतील. बाबा चहा प्यायचं विसरले. मला हसू आवरत नव्हतं आणि हसायची हिंमतही होत नव्हती.

"तुम्ही?" काकू एवढंच म्हणाल्या. "वजनात खोट? तुम्ही?"

काकांच्या मिशा थरथरल्या. "मला वाटलं, काट्यानेच नाही म्हटलं तर तुला वाईट वाटणार नाही. काट्याला कोण काय बोलणार?"

"एवढं माझ्याबरोबर यायचं नसतं, तर तोंडाने सांगायचंत!" काकूंचा आवाज फुटला. "मी काय तुम्हाला दावं लावून ओढत होते? एवढी वर्षं! पाळण्याचे नट, गुडघा, तपासणी! मला काय कळत नाही? कंटाळा येतो ना माझा?"

माणूस खरंच गोंधळला की त्याचा चेहरा लहान मुलासारखा दिसतो, तसा काकांचा दिसत होता. "तुझा कंटाळा?" ते म्हणाले. "अगं, तुझ्याबरोबर मी कुठेही येईन. फक्त... खाली."

"म्हणजे?"

"मला उंचीची भीती वाटते." हे त्यांनी काट्याकडे बघून सांगितलं. "शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय लटपटतात. आपलं लग्न ठरलं तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, मला घाबरट माणसं आवडत नाहीत. तेव्हापासून सांगायचं राहूनच गेलं."

"मी असं म्हटलं होतं? मी कुत्र्याबद्दल म्हटलं असेल!"

"कुत्र्याचा विषय नव्हता."

काकूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले. "वेडे आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि मी मनाला काय काय लावून घेतलं होतं. जाऊ दे. नको मला तो फुगा. चला घरी."

"विमान," बाबा पुटपुटले. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

आणि इथे काका ताठ झाले. "नाही," ते म्हणाले. "मी येतो."

"अहो, नको. मला आता कळलंय ना? पुष्कळ झालं."

"तुला कळलंय, पण मी अजून आलेलो नाही." त्यांनी कोटाचं पहिलं बटण काढलं. "चढू का?" ते मला म्हणाले.

मला काय वाटलं ते सांगूनच टाकते. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याला खांद्यावर बसवून वर न्यावंसं वाटलं. पण फुग्याला भावना कळत नाहीत, त्याला फरकच लागतो. या सगळ्या कबुलीजबाबात थर्मामीटर आणखी चढून बसला होता. पितळ उतरलं तरी आता आकडा बसत नव्हता.

"हवा तापली, काका. मघाशी जमलं असतं, आता थोडक्यात अडतंय."

"आतली हवा जरा जास्त—"

"नाही!" मी आणि बाबा एकदमच म्हणालो.

"ठीक," काका म्हणाले. वजन हा त्यांचा प्रांत, तिथे ते घाबरत नसत. "मग अंगावरचं कमी करू. किती?"

मी आकडा सांगितला. कोट गेला. काकूंच्या दोन्ही पिशव्या गेल्या; एकीत खाण्याचे डबे होते आणि दुसरीत, मी शपथेवर सांगते, छत्री, दुर्बीण, विणकाम आणि इस्त्री केलेला एक टॉवेल होता. "वर लागला तर," काकू म्हणाल्या. काकांचे बूट गेले, ते एकेक वीटच होते. मी माझं जॅकेट उतरवलं, बूट काढले, हत्यारांच्या पेटीतली नको असलेली निम्मी अवजारं बाबांच्या हवाली केली. जादाच्या गॅस सिलिंडरकडे काकांची नजर गेली तेव्हा मात्र मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिघं एकदम काट्यावर चढलो, एकमेकांना धरून. अजून जरासं जास्त होतं.

काकूंनी स्वेटर काढला. काकांनी मनगटातलं घड्याळ, कमरेचा पट्टा, खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा काढला. किल्ल्या बघून काकू म्हणाल्या, "याच त्या तीनदा ओढलेल्या कुलपाच्या." मग काकांनी सदराही काढला आणि तो माणूस, ज्याचं पाऊल वाजलं की बाजारातले दुकानदार उठून उभे राहत, तो बनियनवर, पॅन्ट एका हाताने धरून, मोज्यांनी गवतात उभा राहिला. बाबांनी जीपमधली सुतळी दिली, ती पॅन्टला बांधली. रस्त्यावरून चाललेले दोघं जण सायकली थांबवून बघत होते. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काट्याने मान्य केलं. अगदी नखभर राखून, पण केलं.

"पळा," मी म्हटलं. "ही हवा आता मिनिटामिनिटाला बिघडतेय."

टोपलीत चढताना काकांनी डोळे घट्ट मिटले आणि ते सरळ तळाशी उकिडवे बसले. काकू त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. मी बर्नर ओढला. वर ज्वाळा घोंगावली, कापड ताणलं गेलं, वेताची टोपली करकरली. दोर तणाणला. मी तो सोडायची खूण केली, आणि बाबा, ज्यांनी शेकडो वेळा हे केलं असेल, त्यांनी दोर सोडताना दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली.

धाकटा फुगा सुरुवातीला चिडचिड्यासारखाच वागला. गवतावरून टोपली घासत गेली, कुंपणाच्या पलीकडच्या मोकळ्या शेताकडे सरकली, आणि मग हळूच जमिनीने आम्हाला सोडलं. मी बर्नर सोडला नाही. छपरं खाली गेली, मग झाडांचे शेंडे, मग पाण्याची टाकी. बाबांची जीप रस्त्याला लागली. टाकी मागे राहिली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी बर्नर बंद केला.

बर्नर बंद झाल्यावर फुग्यात जी शांतता होते तिची कल्पना खालच्या माणसाला येत नाही. आपण वाऱ्याबरोबरच चाललेले असतो, त्यामुळे वारासुद्धा लागत नाही. दूरवर कुणाच्या तरी अंगणात बादली वाजलेली ऐकू येते.

काकांनी काकूंचा हात दोन्ही हातांनी धरला होता. डोळे मिटलेलेच. "किती वर आलो?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान उंचावून टोपलीच्या काठावरून पाहिलं. ज्यासाठी त्यांनी एवढा घाट घातला होता ते सगळं खाली पसरलं होतं: नदी, पूल, शाळेचं मैदान, त्यांची गल्लीसुद्धा असेल. त्यांनी ते एकदा बघितलं आणि परत खाली बसल्या.

"फार नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या गच्चीएवढं असेल."

काका कान देऊन ऐकत होते. "गच्चीवर इतकं शांत असतं?"

"असतं. संध्याकाळी तर फारच." काकूंनी त्यांच्या उघड्या खांद्यावर आपला पदर टाकला. "तुम्ही कधी आलात वर?"

खाली कुठेतरी कुत्रं भुंकलं. मी उगाचच दोर तपासल्यासारखं केलं, कारण टोपली लहान असते आणि माणसाला तोंड फिरवायला जागा नसते.

"तू रोज बसतेस तिथे," ते म्हणाले. "एकटीच."

"रोज."

"आज येईन मी." त्यांनी डोळे उघडले. टोपलीबाहेर त्यांनी अजून बघितलं नव्हतं, ते काकूंकडेच बघत होते. "पण माझी खुर्ची कठड्यापासून लांब टाक."

"दोन्ही लांब टाकेन," काकू म्हणाल्या.